तालुक्याचं गणित अध्यापक मंडळ : चालवायचं की कुलूप लावायचं?

खडूवाली :

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत १६ वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवते.

गेल्या शनिवारी आमच्या तालुक्याच्या गणित अध्यापक मंडळाची वार्षिक सभा झाली. यादीवर ८४ सभासद, हजर ११. जुने कार्यवाह सर यंदा निवृत्त झाले. त्यांनी पावतीपुस्तक, शिक्का, इतिवृत्ताच्या तीन वह्या आणि कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बाई, आता तुम्ही बघा."

रात्री त्या वह्या वाचत बसले. सगळ्यात जुन्या वहीत, निळ्या शाईत, एका सभेचा विषय लिहिलाय : "४०० मधून १७८ वजा करताना मुले शून्यापाशी का अडतात?" पुढे अडीच पानं चर्चा. कोणत्या सरांनी काड्यांचे गठ्ठे आणले होते, कोणाचं म्हणणं पटलं नाही, सगळं नोंदवलेलं. अलीकडच्या वहीत मात्र एकच गोष्ट आहे. मंडळाच्या प्रावीण्य परीक्षेचे फॉर्म आले, वाटले, केंद्र ठरलं, प्रमाणपत्रं दिली, आभार मानले, सभा संपली.

आता खरं विचारते. प्रशिक्षणं शासन घेतं. व्हिडिओ मोबाइलवर आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नपत्रिका फिरतात. मग मंडळ हवं कशाला? किल्ली घेऊ की परत देऊ?

प्रमेय :

परत द्या. कटू वाटेल, पण मनापासून सांगतो. मी शेजारच्या जिल्ह्यात शिकवतो. मतदार यादीचं काम आमच्याकडे, ऑनलाइन माहिती भरणं आमच्याकडे, वर दहावीच्या पेपरांचे गठ्ठे. रविवार हा एकच दिवस घरच्यांना मिळतो. त्या दिवशी मंडळ बोलावणार आणि फॉर्मची संख्या विचारणार. "तुमच्या शाळेतून किती मुलं बसली?" एवढ्याच प्रश्नावर शिक्षकाची किंमत ठरते. मी तीन वर्षांपूर्वी वर्गणी देणं थांबवलं.

दिडकी :

प्रमेय यांना +१

सातवीची आई :

पालक म्हणून लिहिते. मंडळाच्या प्रावीण्य परीक्षेला माझा मुलगा पाचवीत बसला. वर्गात त्याचं गणित सगळ्यांच्या आधी होतं आणि मग तो शेजारच्याला त्रास देतो अशी तक्रार यायची. त्या परीक्षेच्या सरावाला त्याला पहिल्यांदा असं गणित भेटलं की जे दोन दिवस सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना ओरडत बाहेर आला. फॉर्म भरण्याच्या कामाला कमी लेखू नका एवढंच.

प्रमेय :

@सातवीची आई, परीक्षा वाईट असं मी म्हणालो नाही. मंडळ म्हणजे परीक्षाच, हे वाईट आहे.

निवृत्त मास्तर :

खडूवाली ताई, तुमच्या निळ्या शाईच्या वहीने मला बसल्या जागी चाळीस वर्षं मागे नेलं. आमच्याकडे (जिल्हा वेगळा) महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी सभा असायची. एक सभा सांगतो.

एका बाईंनी सहावीच्या मुलाची वही आणली होती. त्याने लिहिलं होतं १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद. आम्ही सगळे म्हणालो, नेहमीची चूक, छेद समान करायला शिकवा. बाई म्हणाल्या, "थांबा. मी त्याला विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, बाई, पहिल्यांदा २ चेंडू खेळलो, त्यातल्या १ वर चौकार. मग ३ खेळलो, त्यातल्या १ वर चौकार. मग ५ चेंडूंत २ चौकार झाले की नाही?"

सगळे गप्प. कारण पोरगं बरोबर बोलत होतं! त्याचा हिशोब बरोबर होता, फक्त ती अपूर्णांकांची बेरीज नव्हती. त्याच्या १/२ चं 'पूर्ण' वेगळं, १/३ चं 'पूर्ण' वेगळं. यावर आम्ही दीड तास बोललो. शेवटी एक वयस्कर सर उठले, फळ्यावर भाकरी काढली, अर्धी रंगवली आणि म्हणाले, "त्याला विचारा, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कशी उरेल?" २/५ हे १/२ पेक्षा लहान. मुलाला नियम सांगायचीच गरज नाही, तो स्वतःच चमकेल.

त्यानंतर २५ वर्षं मी अपूर्णांक असेच शिकवले. कुठल्या प्रशिक्षणात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रशिक्षणात एक जण बोलतो आणि साठ जण सह्या करतात. तिथे आम्ही दहा जण एका वहीत डोकं घालून बसलो होतो.

किल्ली ठेवा, बाई.

शून्य :

मास्तर, हा प्रतिसाद वाचून मी मुलाला भाकरीचं विचारलं. तो म्हणाला, "बाबा, तुकडा घालताना कोणीतरी खाल्ली असेल." :)

घनमूळ :

मोठ्या पातळीवर पाहिलं तरी अशा संस्थांची सुरुवात याच भुकेतून झालेली दिसते. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर नावाचे डेप्युटी कलेक्टर आंध्रातल्या गुत्ती या गावी होते. गणिताचं वेड, पण आसपास पुस्तक नाही, नियतकालिक नाही, बोलायला माणूस नाही. त्यांनी ओळखीच्या गणितप्रेमींना पत्रं लिहिली की एकेकट्याला परदेशी नियतकालिकं परवडत नाहीत, तर आपण मिळून घेऊ. त्यातून क्लब निघाला आणि १९१० मध्ये त्याचं नाव इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झालं. ग्रंथालय ठेवलं कुठे? आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात! रँग्लर परांजपे तेव्हा तिथे प्राचार्य होते. नियतकालिकं पुण्याहून पोस्टाने सभासदांच्या गावी जायची.

आणि त्याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजनचा पहिला निबंध छापून आला. नोकरी मागायला तो याच रामस्वामींकडे गेला होता. वह्या पाहून त्यांनी ठरवलं की महसूल खात्यात खालच्या जागेवर बसवून या मुलाची प्रतिभा मारायची नाही, आणि पुढे मद्रासच्या मंडळींकडे पाठवला.

नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न असायचे. रामानुजनने एक घातला : १ अधिक २ गुणिले वर्गमूळात (१ अधिक ३ गुणिले वर्गमूळात (१ अधिक ४ गुणिले...)) असं अनंतापर्यंत, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. किंमत काढा. सहा महिने कोणाचंही उत्तर आलं नाही. उत्तर आहे ३. नववीतल्या मुलालाही त्यामागचा धागा दाखवता येतो : ३ म्हणजे ९ चं वर्गमूळ, ९ = १ + २×४. आता ४ म्हणजे १६ चं वर्गमूळ, १६ = १ + ३×५. ५ म्हणजे २५ चं, २५ = १ + ४×६. उलगडत राहा. (हे कुठेच थांबत नाही म्हणून काटेकोर सिद्धतेला आणखी काम लागतं, ते सध्या राहू दे.)

प्रमेय :

@घनमूळ, माहिती सुरेख आहे. पण ते कलेक्टर, प्राचार्य आणि रामानुजन होते. आमच्या तालुक्यात पाठाचं टाचण तपासायला येणारे आहेत. पुस्तकं न मिळण्याचा प्रश्न आता मोबाइलने सोडवला, मग संस्थेचं कारणही संपलं ना?

नाशिकची :

@प्रमेय, तालुक्यातला मास्तर हवा ना? घ्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक. एम.ए. नाही, पीएच.डी. नाही. शाळा सुटल्यावर आकड्यांशी खेळत बसायचे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजा केले की ३०८७. पुन्हा : ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४! तिथून पुढे हलतच नाही. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येता.

हा स्थिरांक त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. देवळालीच्या शाळामास्तराला आपलं म्हणणं मांडायला ती परिषद होती, हे लक्षात घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना ते किरकोळ वाटलं. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाने नाव घेतलं.

मोबाइलने पुस्तक मिळतं. ऐकणारा माणूस मिळतो का?

दिडकी :

नाशिकची, हे आवडलं. वर दिलेला +१ मागे घेते.

आणि डोंबिवलीकरांनी नोंद घ्यावी : कापरेकरांना त्यांच्या 'डेम्लो संख्या' (त्यांनी शोधलेला संख्यांचा एक प्रकार) आगगाडीच्या डेम्लो स्टेशनात सुचल्या म्हणून ते नाव. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली!

शून्य :

डोंबिवलीला आता विचार करायला उभं राहायला जागा मिळाली तर ना!

चाळीसगावकर :

मंडळ, वर्गणी, सभासद हे सगळं इंग्रजांनी आणलं असं वाटत असेल तर आमच्या पाटणादेवीला या. चाळीसगावपासून जवळच आहे. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे 'सिद्धांतशिरोमणि' वगैरे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. शके ११२८, म्हणजे इ.स. १२०६-०७.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाला कोणी काय द्यायचं ते त्यात लिहिलंय. त्यात एक गोष्ट अशी की जितके घाणे चालतात तितक्यांनी पळी-पळी तेल द्यावं. तेल्याने पळीभर तेल द्यायचं आणि त्यावर लीलावती शिकवली जायची. मी पहिल्यांदा तो अर्थ वाचला तेव्हा तिथेच कट्ट्यावर बसून राहिलो.

निवृत्त मास्तर :

वा! पळीभर तेल. आमची वर्गणी वर्षाला ५ रुपये होती, तीही काही जण दिवाळीनंतर द्यायचे.

बडोद्याहून :

मी बडोद्याला वाढलो, मराठी घरातला. गुजरातमध्ये गुजरात गणित मंडळ आहे आणि त्याचं 'सुगणितम्' नावाचं गुजराती नियतकालिक. यामागे होते प्रल्हाद चुनीलाल वैद्य. आइन्स्टाइनच्या समीकरणांचं त्यांनी काढलेलं उत्तर आज जगभर 'वैद्य मेट्रिक' म्हणून शिकवतात. ते काम त्यांनी तरुणपणी काशीला विष्णु वासुदेव नारळीकरांच्या हाताखाली केलं (जयंतरावांचे वडील, मूळ कोल्हापूरचे). एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या मास्तरांसाठी गुजरातीत लिहायचा. आमच्या सरांच्या टेबलावर 'सुगणितम्'चे अंक असायचे. खडूवाली ताई, सभेला माणसं येत नसतील तर महिन्याला चार पानं तरी काढा. मराठीत.

एडिंबरावासी :

इथलं एक सांगतो, सावधगिरी म्हणून. एडिंबरा मॅथेमॅटिकल सोसायटी १८८३ साली निघाली, तेव्हा ती मुख्यतः शाळामास्तरांचीच होती. पहिले अध्यक्ष जे. एस. मॅके हे एडिंबरा अकॅडमी या शाळेत गणित शिकवायचे. त्रिकोणाच्या भूमितीवर त्यांनी पुष्कळ लिहिलं. हळूहळू विद्यापीठवाले वाढले, विषय अवघड होत गेले, शाळेतली माणसं कमी झाली. आज तिचं नियतकालिक संशोधनाचं आहे, उत्तम आहे, पण शाळेत शिकवणाऱ्याने त्यात काय वाचायचं?

पुण्याच्या ग्रंथालयावरून आठवलं. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीने १९३३ पासून 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' हे दुसरं नियतकालिक वेगळं काढलं, शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा विचार करून. दोन चुली वेगळ्या ठेवल्या. मला ते शहाणपणाचं वाटतं. तुमच्याकडे परीक्षेने जागा खाल्ली, इथे संशोधनाने खाल्ली. दोन्हीकडे वर्गातला प्रश्न बाहेर पडला.

सातवीची आई :

विषय थोडा सोडून विचारते. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बत्तीस यांच्यासाठी 'वीस एक' 'तीस दोन' असं वाचन आलं तेव्हा एवढा गदारोळ झाला. शिक्षक मंडळांनी तेव्हा काय केलं? टीव्हीवर सगळे बोलत होते, पण दुसरीला शिकवणारी बाई कोणी दाखवली नाही.

माणदेशी :

दुसरीला शिकवणारी बाई मीच. सांगते. मूल ऐकतं 'त्रेपन्न'. आधी कानावर तीन येतो, मग पन्नास. लिहिताना हात आधी ३ लिहितो आणि ३५ होतं. दरवर्षी, प्रत्येक वर्गात. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस असं पाठ करत आलेलं पोर शंभराजवळ येतं, तिथे 'एकोणशंभर' म्हणतं आणि आपण त्याला नव्याण्णव सांगतो. आपल्या भाषेत ही अडचण आहे हे मान्य करायला काय हरकत आहे?

त्या पुस्तकात जुनी नावं होतीच, जोडीला नवं वाचन दिलं होतं. मंगला नारळीकर बाई पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या शांतपणे हेच सांगत होत्या. 'भाषा बुडवली' म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा वर्षांच्या मुलाला त्रेपन्न लिहायला शिकवलं असेल?

घनमूळ :

माणदेशी, असहमत. मुलाला बाजारात, घरात, बसमध्ये त्रेपन्नच ऐकू येणार. दोन पद्धती डोक्यात ठेवायच्या तर गोंधळ वाढेल. माझ्या आजीला पावकी, निमकी, औटकी (पाव, अर्धा, साडेतीनचे पाढे) तोंडपाठ होत्या. लहानपणी पाठांतर जमतं, त्याचा उपयोग करून घ्यावा.

माणदेशी :

@घनमूळ, तुमच्या आजीला आल्या. तिच्या वर्गातल्या किती जणींना आल्या? ज्यांना आल्या नाहीत त्या शाळेतून गेल्या, म्हणून त्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या नाहीत. माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं मार्चमध्ये परत येतात. त्यांना मी 'पन्नास तीन' म्हणून लिहायला लावते आणि मग 'यालाच म्हणायचं त्रेपन्न' असं सांगते. दोन आठवड्यांत लिहितात.

घनमूळ :

ऊसतोडीच्या मुलांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. विचार करतो.

प्रमेय :

हे बघा, हीच चर्चा तालुक्याच्या सभेत झाली असती तर मी रविवारी आलो असतो. गंभीरपणे सांगतोय.

खडूवाली :

उशिरा लिहितेय, माफ करा. पहिल्या चाचणीचे पेपर होते.

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. किल्ली ठेवली. परीक्षेचं काम दोन तरुण सरांकडे वेगळं दिलं, एडिंबरावासींच्या दोन चुली लक्षात ठेवून. सभेचा निरोप पाठवला तो एवढाच : 'येताना वर्गातलं एक चुकलेलं उत्तर आणा. फॉर्मचा विषय निघणार नाही. दीड तासात सोडू.'

काल नऊ जण आले. गेल्या वेळेपेक्षा दोन कमी! पण नऊच्या नऊ जणांनी वही आणली होती. मास्तरांची १/२ + १/३ मी फळ्यावर मांडली आणि कोणालाच उत्तर सांगितलं नाही. पंधरा मिनिटांत भाकरी निघालीच, फक्त आमच्या सरांनी पोळी म्हटलं.

मग एक नवीन लागलेला मुलगा, दोनच वर्षं झाली असतील, उठून म्हणाला, "बाई, मुलं विचारतात उणे गुणिले उणे अधिक का? मी नियम सांगतो. मला स्वतःला माहीत नाही." असं कोणी भरसभेत बोललेलं मी १६ वर्षांत ऐकलं नव्हतं. कोणी हसलं नाही. एका बाईंनी फळ्यावर लिहिलं : ३×(−२) = −६, २×(−२) = −४, १×(−२) = −२, ०×(−२) = ०. प्रत्येक पायरीला उत्तर २ ने वाढतंय. आता (−१)×(−२) किती? तो मुलगाच म्हणाला, "दोन." त्यावर दुसरे सर अडले, की ही नुसती मांडणी झाली, सिद्धता नव्हे. त्यांनी (−१) × (२ + (−२)) सोडवून दाखवलं : कंसाची किंमत ०, म्हणून उत्तर ०. कंस उघडला की पहिला भाग −२, मग दुसरा भाग +२ असल्याशिवाय बेरीज ० होत नाही. आठवीला कोणतं दाखवायचं, यावर वाद झाला तो मिटलाच नाही. साडेपाचला शिपाईमामांनी दिवे बंद करायला सुरुवात केली तेव्हा उठलो. दीड तास सांगितला होता, अडीच झाले.

रात्री इतिवृत्त लिहिलं. निळं पेन शोधून.

निवृत्त मास्तर :

वाचलं. चष्मा पुसावा लागला. त्या नवीन मुलाला माझा नमस्कार सांगा.

बडोद्याहून :

ती वही टाइप करून इथे टाकत जा ताई. चार पानं तीच.

प्रमेय :

माझ्या वर्गातलं एक देऊन ठेवतो. परवा दहावीत पायथागोरसच्या प्रमेयावर गणित होतं. मुलीने कर्णाचा वर्ग ९ + १६ असा बरोबर लिहिला, मग दोन्हींचं वेगवेगळं वर्गमूळ काढलं आणि कर्ण ७ लिहिला. बाजू ३ आणि ४. मी लाल शाईने फुली मारली, पुढे गेलो. आता वाटतंय की तिला विचारायला हवं होतं : ३ आणि ४ चालून गेलीस तरी ७, सरळ तिरकी गेलीस तरी ७, मग तिरकं कशाला जायचं?

पुढची सभा कधी आहे? माझ्या गावाहून तुमचा तालुका एसटीने दीड तास. दुसऱ्या जिल्ह्यातला चालतो का?

खडूवाली :

चालतो. पुढच्या महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी ३. त्या मुलीची वही मागून आणा. फोटो नको, वहीच आणा.